घरची शाळा : विद्येचें बक्षीस

शाळेची घंटा झाली म्हणून मुलाचें शिक्षण संपत नाहीं. किंबहुना ज्या शिक्षणावरून पुढें त्याची माणूस म्हणून ओळख व्हावयाची, त्याचा बराचसा भाग घरींच, दिवेलागणीनंतर होत असतो. परवचा, पाठांतर, शुद्धलेखन, अवांतर वाचन, चित्रें काढणें, पेटी किंवा तबला, पंचांग पाहणें, घरचा हिशेब लिहिणें, हीं सर्व शाळेच्या वेळापत्रकांत नसलेलीं, किंवा असून नसल्यासारखीं कामें. शाळेंत मूल बसतें तें हजेरीपटाच्या धाकानें. घरीं तसला धाक नाहीं, आणि असूंही नये. तेव्हां खेळ, दूरदर्शन व मोबाइल हीं तीन प्रलोभनें समोर असतां मुलास पाटावर बसवावें कसें, हा प्रश्न घरोघरीं उठतो. आणि त्याचें सर्वांत सोपें उत्तर म्हणून बक्षीस पुढें येतें. अमुक श्लोक बिनचूक म्हण, दहा रुपये देतों. तमुक पुस्तक वाच, अर्धा तास मोबाइल देतों. या बक्षिसाचाच विचार आज करावयाचें योजिलें आहे.

त्यास निमित्त एका भगिनींच्या पत्राचें झालें. त्यांचें कुटुंब एकत्र असून घरांत चार नातवंडें आहेत. मामंजी संस्कृताचे जाणकार आणि नातवंडांवर जीव टाकणारे. दोन वर्षांपूर्वीं त्यांनीं असा नेम घातला कीं, जें नातवंड नवा श्लोक न अडखळतां म्हणेल त्यास श्लोकामागें दहा रुपये मिळावे. थोरल्या जावेच्या मुलाच्या डब्यांत आज बरीच रक्कम जमली आहे. भगिनींचा स्वतःचा मुलगा नऊ वर्षांचा. बोलतांना किंचित् अडखळतो. पहिले कांहीं आठवडे तो उत्साहानें बसला. आतां दिवा लागला कीं, त्याचें पोट दुखूं लागतें. पूर्वीं हाच मुलगा आजोबांना टेकून गोष्टी ऐकतां ऐकतां झोपी जात असे. भगिनी लिहितात, ‘पैशाचें मला कांहींच वाटत नाहीं, आजोबा आणि नातू यांच्यामध्यें कांहीं तरी तुटलें याचें वाटतें. पण हें मामंजींना सांगावें कोणत्या तोंडानें?’ प्रश्न दहा रुपयांचा दिसतो. परंतु तो तेवढाच नाहीं.

विद्येला बक्षीस ही चाल आपल्याकडे नवी नव्हे. सेनापति खंडेराव दाभाडे यांनीं तळेगांवीं विद्वानांस श्रावणमासीं दक्षिणा देण्याचा जो प्रघात पाडला, तोच पुढें पेशव्यांनीं पुण्यास चालविला. दूरदूरचे वैदिक व शास्त्री तेथें येऊन आपापल्या योग्यतेप्रमाणें दक्षिणा घेऊन जात. इंग्रजी अमलांत त्याच निधीच्या आधारानें १८२१ सालीं पुण्याची संस्कृत पाठशाळा निघाली, आणि कालांतरानें मराठी ग्रंथकारांस दक्षिणा प्राइझ मिळूं लागलें. नाना शंकरशेट यांच्या नांवाची संस्कृताची शिष्यवृत्ति १८६६ पासूनची. १९१२ च्या मॅट्रिकच्या परीक्षेंत चिंतामणराव देशमुखांनीं ती मिळविली, ही गोष्ट शिक्षक मंडळी पुढें अनेक वर्षें वर्गांत सांगत असत. परंतु या सर्व उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. हा सन्मान बरेचसें अध्ययन झाल्यावर, परक्या परीक्षकांकडून, प्रौढ किंवा प्रौढत्वाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या विद्यार्थ्यास होत असे. पाठशाळेंत संथा देतांना गुरूनें ऋचेमागें पैसा मोजला, असें आमच्या ऐकण्यांत नाहीं. दक्षिणेची वाट गुरूकडे जाणारी होती. गुरूकडून येणारी नव्हती.

पंचतंत्राच्या आरंभींची कथा या दृष्टीनें पुन्हां वाचण्यासारखी आहे. अमरशक्ति राजाचे तिन्ही पुत्र विद्येस पाठमोरे. राजानें विष्णुशर्म्यास शंभर दानपत्रें देऊं केलीं. वृद्ध ब्राह्मणानें, आपण विद्येचा विक्रय करीत नाहीं, असें सांगून तीं नाकारलीं आणि सहा महिन्यांची मुदत घेतली. त्यानें स्वतः बक्षीस घेतलें नाहीं हें सर्वांच्या लक्षांत असतें. राजपुत्रांसही त्यानें कसलें बक्षीस दाखविलें नाहीं, हें फारसें कोणाच्या लक्षांत येत नाहीं. त्यानें दाखविली ती गोष्ट, आणि तीही अर्ध्यावर थांबणारी. पात्र एक म्हण टाकून गप्प बसतें, ऐकणारा ‘तें कसें?’ म्हणून विचारतो, आणि पुढची गोष्ट उघडते. मुलाच्या तोंडून हा ‘तें कसें?’ बाहेर पडला म्हणजे शिकविणाराचें निम्मेंअधिक काम झालें.

याच मुद्द्याची शास्त्रीय बाजू महाभाष्यांत आहे. ब्राह्मणानें षडंग वेदाचें अध्ययन निष्कारण, म्हणजे कांहीं मिळावें हा हेतु न धरतां करावें, असें पतंजलीनें म्हटलें आहे. आणि त्याच पस्पशाह्निकांत व्याकरण कां शिकावें याचीं रक्षा, ऊह, आगम, लघु व असंदेह अशीं पांच प्रयोजनेंही त्यानेंच मांडलीं आहेत. वरवर पाहतां यांत विरोध दिसतो. परंतु पांचांपैकीं बहुतेक प्रयोजनें अध्ययनाच्या पोटांतलींच आहेत : वेदाचें रक्षण व्हावें, थोडक्यांत शब्दज्ञान व्हावें, अर्थाविषयीं संशय राहूं नये. बाहेरून आणून जोडलेलें असें त्यांत फारसें कांहीं नाहीं. म्हणजे प्रयोजन नको असें नव्हे. प्रयोजन त्या विद्येचेंच असावें, एवढेंच. हा भेद एकदां मनांत ठसला कीं, घरांतल्या बक्षिसाचा निवाडा करणें अवघड जात नाहीं.

आतां हा जुन्या मंडळींचा केवळ आदर्शवाद आहे, असें कोणी म्हणेल. म्हणून अलीकडचे प्रयोग पाहूं. अमेरिकेंत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालशाळेंत लेपर, ग्रीन व निस्बेट या तिघांनीं केलेला एक प्रयोग १९७३ सालीं प्रसिद्ध झाला. तीन ते पांच वर्षांच्या, स्केचपेनांनीं चित्रें काढण्याची मुळांतच आवड असलेल्या मुलांचे त्यांनीं तीन गट केले. पहिल्यास आधींच सांगितलें कीं, चित्र काढाल तर सोनेरी चांदणी व फीत लावलेलें प्रशस्तिपत्र मिळेल. दुसऱ्यास कांहीं सांगितलें नाहीं, पण चित्रें झाल्यावर तेंच प्रशस्तिपत्र अकस्मात् दिलें. तिसऱ्यास कांहींच दिलें नाहीं. एकदोन आठवड्यांनंतर वर्गांत तींच स्केचपेनें मोकळीं ठेवून, कोण आपण होऊन चित्रें काढतो हें गुपचूप पाहिलें. ज्यांस आधीं वचन दिलें होतें तीं मुलें इतरांच्या सुमारें निम्माच वेळ चित्रांत रमलीं. आणि बक्षिसासाठीं काढलेलीं त्यांचीं चित्रेंही परीक्षकांस कमी प्रतीचीं वाटलीं. अकस्मात् बक्षीस मिळालेल्या मुलांची आवड मात्र मुळींच घटली नाहीं.

पुढें या विषयावर शेंकड्यानें प्रयोग झाले. डेसी, केस्टनर व रायन यांनीं १९९९ सालीं १२८ प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला. त्याचा निष्कर्ष थोडक्यांत असा : जें काम मुळांत गोड आहे त्यावर आधीं ठरवून वस्तुरूप बक्षीस लावलें, तर त्या कामाची गोडी कमी होते, आणि ही हानि मोठ्यांपेक्षां लहान मुलांत अधिक होते; मुळांत रूक्ष असलेल्या कामांत तशी हानि दिसत नाहीं. कारण उघड आहे. मूल आपल्या मनाशीं हिशेब करतें : लाडू खाण्याबद्दल मला कोणी पैसे देत नाहीं, औषध घेण्याबद्दल मात्र देतात, श्लोकाबद्दलही देतात, तेव्हां श्लोक हें औषधाच्या जातीचें असलें पाहिजे. आपण बक्षीस देतों तेव्हां त्याबरोबर हें अनुमानही त्याच्या हातीं ठेवतों.

परंतु एकच बाजू सांगणें न्यायाचें नव्हे. रोलंड फ्रायर या अर्थशास्त्रज्ञानें अमेरिकेंतील कांहीं मोठ्या शहरांत मुलांस खरेच पैसे देऊन पाहिलें. त्याचा वृत्तान्त २०११ सालीं प्रसिद्ध झाला. डॅलस शहरांत दुसरीच्या मुलांस पुस्तकामागें दोन डॉलर दिले. अट एवढीच कीं, पुस्तक वाचून त्यावरील लहानशी चांचणी उतरावी. तेथें इंग्रजींतून परीक्षा देणाऱ्या मुलांचें वाचनाचें आकलन वाढलें. उलट न्यूयॉर्कमध्यें परीक्षेंतील गुणांवर पैसे दिले, त्याचा कांहीं उपयोग झाला नाहीं. कारण अधिक गुण मिळविण्यासाठीं नेमकें काय करावयाचें, हेंच मुलांस सांगतां येईना. यावरून एवढें निश्चित होतें कीं, बक्षीस लावावयाचेंच तर तें मुलाच्या हातांतल्या कृतीवर लावावें, फळावर नव्हे. आणि जेथें गोडी अद्याप लागलेलीच नाहीं तेथें पहिलें दार उघडण्यापुरतें लावावें. पावकी, निमकी, दिडकी पाठ करण्यांत पहिल्या दिवशीं कोणासच रस नसतो. तेथें चार चिंचोके, चण्याफुटाण्यांची एक मूठ, किंवा भिंतीवरील कागदावर एक टिकली चालेल. पाढे येऊं लागले व बाजारांत हिशेब तोंडीं सुटूं लागला, कीं टिकली आपोआप गळून पडते. न पडली तर आपण काढावी.

चित्रकलेचेंच आपल्याकडील उदाहरण पहा. इंटरमीजिएट परीक्षेंत श्रेणी मिळविणाऱ्यास दहावीच्या परीक्षेंत वाढीव गुण मिळतात. योजना चांगल्या हेतूची आहे, व तिच्यामुळें ज्या घरांत रंगपेटी कधीं आलीच नसती तेथें ती आली, हेंही खरें. परंतु श्रेणी हातांत पडतांच ती रंगपेटी माळ्यावर गेली, असेंही आम्हीं शिक्षक म्हणून पुष्कळ पाहिलें. ज्या थोड्या मुलांच्या घरीं वडील माणसांनीं तीं चित्रें भिंतीवर लावलीं, मुलास सोबत घेऊन एखादें प्रदर्शन पाहिलें, दिवाळीच्या शुभेच्छापत्रांवर त्यानें काढलेलें चित्र नातेवाइकांस धाडलें, त्या मुलांची रंगपेटी खालीं राहिली.

एकत्र कुटुंबांत या प्रश्नास आणखी एक पदर असतो. एकट्या मुलास बक्षीस दिलें तर तें फार तर त्याचें नुकसान करील. चार भावंडांत दिलें कीं, त्याची शर्यत होते. शर्यतींत पहिला येणारा एकच, आणि तो बहुधा दर वेळीं तोच. चुलतभाऊ एका ताटांत जेवणारे. त्यांतील एकाचा डबा रोज खुळखुळतो, दुसऱ्याचा रिकामा राहतो, आणि त्यांच्या आयांनाही तो आवाज ऐकूं येतो. जावाजावांतील कित्येक अबोले असल्या डब्यांतून निघालेले आहेत. शिवाय श्लोकामागें दाम ठरला कीं, मूल श्लोक मोजूं लागतें. मग पदें तोडावीं कोठें, अन्वय काय, हा शब्द द्वितीयेचा कां, हें विचारण्यास त्याला फुरसत नसते. विचारलें तर एका श्लोकाचा वेळ जातो. रामरक्षा पाठ होते, आणि तींत एकेक देवनाम एकेका अवयवाचें रक्षण कसें करतें, ती रचना किती मौजेची आहे, हें त्याच्या गांवींही नसतें.

मोबाइलच्या बक्षिसाविषयीं दोनच शब्द. वाचनाबद्दल मोबाइल देणें म्हणजे, वाचन हा कर आणि मोबाइल हें सुख, असें मुलास आपल्याच तोंडानें सांगणें होय. मोबाइल किती वेळ द्यावयाचा हें घरानें स्वतंत्रपणें ठरवावें. त्याची सांगड पुस्तकाशीं घालूं नये.

मग मुलांस कांहींच देऊं नये काय? असें आम्ही म्हणत नाहीं. पुष्कळ द्यावें, पण तें विद्येच्याच कुळांतलें असावें. चित्रें काढणाऱ्यास चांगला कुंचला. वाचणाऱ्यास पुढचें पुस्तक, आणि त्यावर आजोबांच्या हातचें त्याचें नांव. श्लोक म्हणणाऱ्यास त्या श्लोकामागची कथा. तेंही बोली लावून नव्हे, अकस्मात्. त्याहून मोठें बक्षीस म्हणजे घरांतील एखादा अधिकार. ज्याला वाचतां येऊं लागलें त्यानें आजीस वर्तमानपत्र वाचून दाखवावें. ज्यास तिथि-वार कळूं लागले त्यानें सकाळीं पंचांग पाहून घरांत सांगावें. ज्याचें अक्षर वळणदार झालें त्यानें लग्नपत्रिकांवरचे पत्ते लिहावे. आपल्या विद्येची घरास गरज आहे, ही जाणीव मुलाला जितकी फुलवते तितकें दुसरें कांहींही फुलवीत नाहीं. बक्षीस सामायिक ठेवणें हाही एक चांगला मार्ग आहे : चौघांनीं मिळून एक स्तोत्र अर्थासह पुरें केलें, म्हणजे चौघांस घेऊन सिंहगडावर जावें. मग थोरला धाकट्यास शिकवूं लागतो, कारण धाकट्याच्या चुकीनें सहल अडते. मात्र याच कारणासाठीं धाकट्यावर कोणी डोळे वटारणार नाहींत, एवढी काळजी वडिलांनीं घ्यावी.

शाबासकीही जपून द्यावी लागते. म्यूलर व ड्वेक या दोघींनीं पांचवीच्या मुलांवर केलेले प्रयोग १९९८ सालीं प्रसिद्ध झाले. ज्यांस ‘तूं हुशार आहेस’ असें म्हटलें, तीं मुलें पुढें सोपीं कोडींच पसंत करूं लागलीं. अपयश आल्यावर लवकर खचलीं, आणि कित्येकांनीं आपले गुण इतरांस वाढवून सांगितले. ज्यांस ‘तूं मेहनत चांगली केलीस’ असें म्हटलें, तीं अवघड कोड्यांकडे वळलीं. तेव्हां ‘आमचा बंड्या एकपाठी आहे हो’ असें पाहुण्यांपुढें म्हणण्यापेक्षां ‘हें जोडाक्षर काल तुला येत नव्हतें, आज आलें’ असें त्याला एकट्याला सांगणें अधिक हिताचें.

आतां त्या भगिनींच्या घराकडे वळूं. आणि प्रथम त्यांच्या मामंजींशीं, समवयस्क या नात्यानें, बोलूं. महाराज, आपला हेतु शुद्ध आहे, आणि नातवंडांस श्लोक यावे यासाठीं खिसा हलका करणारे आजोबा आज दुर्मिळ आहेत. पण आपणांपाशीं दहा रुपयांहून मोलाची एक वस्तु आहे, ती म्हणजे आपला वेळ. आणि ती आपण श्लोकाचा भाव ठरवून स्वतःच स्वस्त केली आहे. चालूं असलेलें स्तोत्र पुरें होईपर्यंत कबूल केलेले पैसे अवश्य द्यावे. मुलाला दिलेलें वचन मोडणें हा बक्षिसाहून मोठा दोष होईल. थोरल्यानें मिळविलेलें त्याचेंच. त्यास हात लावूं नये, कीं त्याच्या श्रमास नांवें ठेवूं नयेत. पुढील प्रतिपदेपासून मात्र सर्वांस सांगावें, ‘आतां तुम्ही मोठे झालांत, यापुढें श्लोकामागें पैसा नाहीं, श्लोकामागें गोष्ट.’ आठवडाभर पाट रिकामे राहतील. राहूं द्यावे. आपण दिव्याजवळ बसून गोष्ट सांगावयास लागावें. ऐकणारें एकच असलें तरी सांगावी, आणि अर्ध्यावर थांबवावी.

नऊ वर्षांच्या त्या मुलासाठीं आणखी एक उपाय आहे. अडखळणारीं मुलें इतरांबरोबर एका सुरांत म्हणतांना, किंवा गातांना, बहुधा अडखळत नाहींत, हें वाचादोषांच्या तज्ज्ञांस चांगलें ठाऊक आहे. म्हणून एकेकट्यास उभें करून म्हणवून घेण्याची रीत कांहीं काळ बंद ठेवावी, आणि आजोबांसह सर्वांनीं मिळून चालीवर म्हणावें. त्या आवाजांत त्याचा आवाज सुरक्षित राहील. तो बोलतांना थांबला तर शब्द त्याच्या तोंडांत घालूं नये, थांबावें, ऐकावें. दोष टिकून राहिला तर वाचाचिकित्सकास दाखविण्यांत संकोच धरूं नये. तो हट्ट नव्हे कीं आळस नव्हे.

आणि भगिनी, आपण मामंजींस सांगावें कसें, हें आपलें खरें संकट आहे. तक्रार घेऊन जाऊं नये. मागणें घेऊन जावें. ‘पैशामुळें माझा मुलगा मागें पडला’ असें म्हटलें तर त्यांत जावेवर, पुतण्यावर व मामंजींवर, तिघांवर ठपका येतो. ‘त्याला आपल्या गोष्टींची फार आठवण येते, निजतांना एखादी सांगाल का?’ असें म्हटलें तर कोणावरच येत नाहीं, आणि तें खरेंही आहे. नातवाचें हें मागणें नाकारणारे आजोबा आम्हीं तरी पाहिले नाहींत. जावेशींही मोकळेपणानें बोलावें. तिच्या मुलाचा डबा भरला म्हणून त्याचें नुकसान होत नाहीं असें नव्हे, कारण पैसे बंद झाल्यावर तो किती श्लोक म्हणेल ही शंका तिच्याही मनांत असेल.

द्रव्य वांटलें तर सरतें व विद्या वांटल्यानें वाढते, असें आपण पिढ्यान् पिढ्या मुलांस सांगत आलों. त्या सरणाऱ्या वस्तूनें या वाढणाऱ्या वस्तूची किंमत मुलांपुढें रोज मोजून दाखवूं नये, एवढेंच घरोघरच्या वडील मंडळींस विनवावयाचें आहे.